जोडी पास

धानाचं रोवणं आटोपलं होतं आणि पोळा यायचा होता, त्या मधल्या एका रविवारची ही हकीकत. हातात रक्कम तीनशे रुपये, सासूबाईंनी खर्चाला दिलेली. त्याखेरीज राईस मिलच्या शेठजींनी यांना बक्षीस दिलेला एक जोडी पास, ज्यावर नवराबायकोला मनोरंजन पार्कात प्रवेश आणि सगळे पाळणे फुकट. हजर माणसं चार: मी, हे, माझी माय आणि माझा थोरला भाऊ प्रल्हाददादा. चौघांतले दोघं फाटकाच्या आत आणि दोघं बाहेर, अशी त्या दिवसाची मांडणी झाली. मी हिशेबाची बाई आहे. गाडीचं पेट्रोल, बसची वेळ, भेटीची जागा, सगळं मी आधीच जुळवून ठेवलं होतं. माणसं मात्र आपापल्या मानापानासकट येतात आणि त्यालाही जागा धरून ठेवावी लागते, हे त्या वयात मला कोणी सांगितलं नव्हतं.

माघात माझं लग्न झालं आणि मी चिचगडहून नागऱ्याला आले. माहेरी रात्री जंगलाचा आवाज, तर सासरी पहाटे देवळातली घंटा आणि लांबून गोंदियाच्या गाड्यांच्या शिट्ट्या. हे मिलमधून येत तेव्हा पापण्यांवरसुद्धा कोंड्याची धूळ असायची. अंगणातल्या टाक्याशी बसून कान धुवायचे आणि मग दोन घरं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं शिंकायचे. जेवायला सकाळी भात, संध्याकाळी भात, सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण. कोचईची, म्हणजे अळूची, पानं आली की सासूबाई वड्या करत. त्यांच्या हाताला चव होती आणि ती मी आजही कबूल करते. स्वभावानं बाई वाईट नव्हत्या. त्यांचा सगळा जीव मात्र त्यांच्या भावात होता. यांचे हे मामाजी दोन घरं सोडून राहत, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत आणि ओसरीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसत. ते येण्याच्या वेळी त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मामाजींचं आणि माझ्या बाबांचं बिनसलं होतं ते लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे दुपट्टा-टोपीचा पहिला मान नवरदेवाच्या मामाचा. बाबांनी दुपट्टा आणला होता, कुंकू लावून ताटात ठेवलाही होता. पण गर्दीत तो यांच्या काकांच्या खांद्यावर पडला. चूक लक्षात येताच बाबांनी मामाजींना दुसरा दिला. त्याच दुकानातला, त्याच भावाचा, त्याच काठाचा. पण दुसरा. मामाजींनी त्या दिवशी तो खांद्यावर घेतला. वरात नागऱ्याला पोचल्यावर मात्र खुर्चीत बसून म्हणाले, "दुपट्ट्याचं काही नाई. नंबराचं आहे." मग ठरलं की बाबांनी स्वतः मामाजींच्या दारी येऊन पुन्हा दुपट्टा द्यावा, तरच सून माहेरी जाईल. तिकडे बाबांचं म्हणणं, "एका पोरीपायी एकाच मानसाले दोन डाव दुपट्टा? काऊन?" दोघंही आपापल्या गावात बसून राहिले आणि मधल्या मध्ये माझा रस्ता बंद झाला.

पहिल्या आखाडात नवी सून माहेरी जाते. माहेरून भाऊ तिला न्यायला येतो, त्याला मूळ येणं म्हणतात, आणि मूळ आल्याशिवाय सुनेनं आपल्या पायानं जायचं नसतं. दादा आला. टोपलीत अनरसे होते, माहेरच्या जंगलातली चारोळी होती. सासूबाईंनी त्याला खाटेवर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "चहा घे गा बाप्पा, पन बाईले न्याचं नाव नको काढू. तुह्या बापाले पाठव."

"बाबा नाई येत, मावशी."

"मंग बाई बी नाई येत."

दादा चहा पिऊन गेला. टोपली तेवढी राहिली. मी आत चुलीशी होते. हे दाराच्या चौकटीला टेकून कानातला कोंडा काढत होते. मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून चाळीस हमालांना हाका मारणारा हा माणूस, आईपुढे मात्र याच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, कारण मिठाचा डबा वरच्या फळीवर होता आणि माझा हात पोचत नव्हता.

अशात यांना तो पास मिळाला. पार्क नवीनच झालं होतं, देवरीच्या रस्त्याला, आणि चिचगडची बस त्याच्या फाटकासमोरून जाते हे मी पास हातात घेतला त्याच क्षणी मनात धरलं. मला चोरून काही करता येत नाही. मी यांना सरळ सांगितलं, "मले पाळन्यात बसाचं नाई. मले मायले भेटाचं आहे. तिले तिथं बोलावते." यांनी त्यावर दोन जेवणं काढली. मग म्हणाले, "घरी नको सांगू. आपन फिराले जाऊन राहिलो, इतकंच सांग."

"खोटं नाई बोलत मी."

"खोटं कुठी आहे? फिरालेच त जाऊन राहिलो."

शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवरून मी दादाला निरोप दिला. सासूबाईंनी स्वतःहून तीनशे रुपये काढून दिले, वड्यांचा डबा भरला, "बाहेरचं अगडबगड नका खाऊ" म्हणाल्या. यांनी नवा काळा चष्मा घेतला होता. मोटारसायकलवर मागे बसून मी लग्नानंतर पहिल्यांदा गावाबाहेरची हिरवी बांधी, धानाची खाचरं, पाहिली, आणि खरं सांगते, अर्धा तास मला मायचीही आठवण आली नाही. यांची पाठ रुंद होती. हे काहीतरी गुणगुणत होते. लग्नाला सहा महिने झाले होते आणि आम्ही दोघं घराबाहेर एकटे असे त्या दिवशीच होतो.

धानाच्या बांध्यांच्या मधोमध ते पार्क होतं. रंगवलेलं लोखंडी फाटक, आत एक कान तुटलेला सिमेंटचा जिराफ, सतत चालू असलेला भोंगा. फाटकावरच्या चौकीदारानं पहिल्यांदा आमचा डबा घेतला. "बाहर का खाना अलाउड नहीं, भैया. जाते टाइम ले जाना." मग आमच्या मनगटांवर कागदी पट्टे चिकटवले. आता लिहिताना हे शेजारी बसले आहेत आणि म्हणतात, पट्टे पिवळे होते. हिरवे होते. बस यायला अवकाश होता, म्हणून मी बाहेरच थांबू म्हणत होते. पण यांचं म्हणणं, रविवार आहे, रांग लागेल, आपण आत जाऊ, ते आले की तिकीट काढून आत येतील. यात मलाही काही चुकीचं दिसलं नाही. आत गेल्यावर हे जहाजाच्या आकाराच्या मोठ्या झोपाळ्याकडे पाहत राहिले. त्याची रांग लांब होती. "तवर हा मोठा पाळना होऊन जाऊ दे," म्हणत यांनी मला आकाशपाळण्यात बसवलं.

आम्ही अगदी वर पोचलो आणि वीज गेली. भोंगा बंद पडला, पाळणा थांबला, आमची पेटी हवेत कुरकुरत डुलू लागली. खालच्या पेटीतून गोंदियाचा कोणी ओरडला, "अरे भैया, जनरेटर चालू करो!" खालून उत्तर आलं, "डीजल लाने गया है आदमी!" हे माझा हात धरून म्हणाले, "खाली नको पाहू, चक्कर येईन."

"मले खालीच पाहाचं आहे," मी म्हटलं. कारण रस्त्यावर बस येऊन थांबली होती.

मायला मी तिच्या उतरण्यावरून ओळखलं. ती बसमधून नेहमी मागे तोंड करून उतरते, शिडीवरून उतरावं तशी. हिरवं लुगडं, काळी छत्री, हातात कापडी पिशवी. मागून दादा. दोघं फाटकाशी आले, चौकीदाराशी बोलले, मागे सरले. मायनं उन्हासाठी छत्री उघडली आणि तिचं तोंड छत्रीखाली गेलं. मी वरून "माय वो! माय!" अशा हाका मारल्या. सगळा पार्क माझ्याकडे पाहू लागला, तिच्याशिवाय. देवळाच्या कळसाकडे माणूस वर बघतं. आपली लेक पाळण्यात टांगली असेल असं कोणाच्या मनात येईल? किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून यांच्या चष्म्यावर काढला. "काढा तो चष्मा," मी म्हटलं. यांनी काढला.

अखेर पाळणा फिरला. खाली उतरताच मी फाटकाकडे धावले. मधे लोखंडी गज. पलीकडे माय. तिनं गजांतून हात घालून माझं मनगट चाचपलं आणि म्हणाली, "वाळली वो बाई."

"माताजी, हाथ अंदर मत डालो," चौकीदार म्हणाला.

"दादा, तिकीट काढून आत या ना," मी म्हटलं.

दादा पाटीकडे बोट दाखवून उभा होता. माणशी दीडशे. "बगीच्यात जायाले पैसे? नागऱ्याच्या जत्रेत फाटकावर कोनी पैसे घेते का? पाळन्यात बसलं त द्याचे. मी त तेच समजून आलो." त्याच्याजवळ बसभाडं सोडून एका तिकिटाचे पैसे होते. हे पुढे झाले, खिशातले तीनशे काढले. "मी काढतो दोन. या आत."

मायनं पदर डोक्यावर ओढला. "नाई जवाईबापू. लेकीच्या घरचं आमी पानी बी नाई पेत. तिकीट कसं चालंल?"

"पानी नाई पाजत मी, माय," हे म्हणाले. "तिकीट आहे ते."

"तेच त."

दादा म्हणाला, "अन बाबाले समजलं का मी भाऊजीच्या पैशानं आत गेलो, त घरात घेतीन का मले? माय, तू जाय माह्या पैशानं. मी बाहेर रायतो."

माय म्हणाली, "अन जवाईले लग्नानंतर पहिल्यांदा भेटाचं, ते हात हालवत? संगं तू नाई, बाबा नाई, हातात दुपट्टा नाई?"

दुपट्टा हा शब्द ऐकला आणि मी गजांवर हात आपटला. "तो दुपट्टा मले गुंडाळून जाळा आता! तुमच्या मानापायी मी इथंच म्हातारी होईन!" फाटकातून आत येणारी गोंदियाची मंडळी बाजूला सरून पाहत होती. त्यातली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "क्या हुआ इनका? टिकट का झगड़ा है क्या?" तिचंही चुकलं नव्हतं.

मग दादाला सुचलं की आम्हीच बाहेर यावं. सोपं होतं. चौकीदारानं मान हलवली. "बाहर जाओगे तो पट्टा कटेगा. फिर वापस नहीं." आता यांचा चेहरा पडला. शेठजी सोमवारी हमखास विचारणार, कोणकोणत्या पाळण्यात बसलास. बक्षीस वाया घालवलं असं कळलं तर पुन्हा देणार नाहीत. आणि आईही विचारणार. यांनी आमच्याकडे पाहिलं, मग त्या जहाजाच्या झोपाळ्याकडे पाहिलं. वीज आली होती. जहाज वर जात होतं, त्यातली माणसं ओरडत होती. यांना त्यात बसायचं होतं. मला ते दिसत होतं, आणि त्या क्षणी माझ्याच्यानं "चला बाहेर" असंही म्हणवेना, आणि "राहू दे" असंही म्हणवेना. अलीकडे मी आणि पलीकडे माय, अशा आम्ही गजांना धरून उभ्या राहिलो. मला वाटलं, झालं; दादा आता परतीची दोनची बस पकडणार, आणि आखाडातल्या टोपलीसारखी मी तेवढी मागे राहणार.

यांनी मनगट पुढे केलं. "काट."

"भैया, सोच लो. पूरा दिन बाकी है."

"काट म्हनतो ना."

चौकीदारानं कात्रीनं पट्टा कापला. हे एकटेच फाटकाबाहेर गेले, मायच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तिथून माझ्यावर ओरडले, थप्पीवरून हमालांवर ओरडावं तसे, "चाल ना! काय पाहून राहिली?"

रस्त्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली एका म्हातारीची चहाची टपरी होती. ताडपत्री, एक बाकडं, दोन दगड. आमचा पार्क तिथं झाला. मायनं पिशवीतून घरचं पाणी काढलं आणि स्वतःचंच पाणी प्याली. निघताना चौकीदाराकडून परत घेतलेला सासूबाईंच्या वड्यांचा डबा मी उघडला. तिनं हात लावला नाही; नुसता वास घेतला आणि म्हणाली, "मसाला बरा भाजते." दादानं मात्र मान-बिन विसरून आठ वड्या खाल्ल्या. "ह्या काई लेकीच्या घरच्या नाई," तो म्हणाला, "ह्या चौकीदाराच्या घरून आल्या." हे हसले. मग मायनं मला पुढ्यात बसवलं, माझी वेणी सोडली आणि पिशवीतल्या फणीनं पुन्हा घातली. ती बोलत होती: गाय व्यायली, कालवड झाली, तलाव सांडव्यापर्यंत भरला, बाबा बोलत नाहीत पण माझ्या खोलीतली खाट अजून कोणाला हलवू देत नाहीत. मी ऐकत होते. तिची वेणी फार घट्ट असते, डोळे ताणले जातात. हे आणि दादा बाकड्यावर बसून धानाच्या भावावर बोलत होते, जणू सोयरीक जुळवायला आलेले दोघं. समोर फाटकाआडून जहाज वर येत होतं, खाली जात होतं. हे अधूनमधून तिकडे बघत होते.

पुढचं इथेच सांगून टाकते. घरी गेल्यावर सासूबाईंनी पहिलीच गोष्ट विचारली ती वेणीची. "अशी वेनी कोनं घातली वो?" मी म्हटलं, "मायनं." ओसरीवर खुर्चीत मामाजी होते. बशीतला चहा थांबला. त्यांनी तोंड उघडण्याआधी हे म्हणाले, "मीच नेलं होतं तिले. अन पोळ्याले मीच तिले चिचगडले घेऊन जातो." मामाजी म्हणाले, "नवरा कधी मूळ म्हनून जाते का गा? लोकं हासतीन." हे म्हणाले, "हासू दे." पोळ्याला आम्ही गेलो, लोक हसलेही. मामाजींना तो दुपट्टा कोणी दिला नाही. ते खुर्चीवर येऊन बसत राहिले, माझ्या हातचा चहा पीत राहिले, आणि मरेपर्यंत त्यांनी माझ्या बाबांचं नाव घेतलं नाही. सगळं जुळून आलं असं मी लिहिणार नाही. मायनंही आजवर माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाही. येते तेव्हा बाटली घेऊन येते, हल्ली प्लास्टिकची. माझा मुलगा फोनवर दोन बोटं फिरवून असल्या पार्कांची तिकिटं काढतो, आणि आजीला म्हणतो, चल. आजी विचारते, तिकीट कोणाच्या पैशानं?

त्या दिवशी दोनची बस लांबून दिसली तेव्हा चहाचे पैसे द्यायचे राहिले होते. चहा चार, तीन रुपयांना एक. यांनी खिशात हात घातला, दादानं घातला, मायनं पदराची गाठ सोडली, आणि तिघंही एकमेकांना "नाई, नाई" म्हणू लागले. माझं डोकं पुन्हा तापलं. बस जवळ येत होती. म्हातारी हात पुढे करून उभी होती, शेवटी तीच म्हणाली, "आपापले द्या न बाप्पा. मी काय हात पसरूनच राहू?" मग दादानं आपले तीन दिले. मायनं आपले तीन दिले. यांनी आपले तीन दिले. राहिला माझा चहा. क्षणभर तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मग मायनं आणि यांनी एकाच वेळी तीन-तीन रुपये पुढे केले, आणि दोघंही मागे घ्यायला तयार होईनात. बसनं हॉर्न दिला. म्हातारीनं दोन्ही हातांतले पैसे घेतले, कमरेला खोचले आणि भांडी विसळायला वळली. एकूण पंधरा रुपये, चहावालीला.